पहिले पैसे खरंच येतात

मेसेज साधारण असा असतो. "नमस्कार, मी अमुक कंपनीच्या एचआर विभागातून बोलतेय. तुमचा बायोडाटा आम्हाला एका जॉब पोर्टलवर दिसला. घरबसल्या पार्ट टाइम काम आहे, दिवसाला फक्त 60 ते 90 मिनिटं. अनुभवाची अट नाही. इच्छुक असाल तर 1 लिहून पाठवा." नंबर भलत्याच देशातला, डीपीला हसऱ्या तरुणीचा फोटो, व्याकरण अगदी शुद्ध. पूर्वी अशा मेसेजमधल्या चुकांवरून फसवणुकीचा वास यायचा. एआय आल्यापासून तीही सोय गेली.

हा मेसेज मलाही आलाय, बहुधा तुम्हालाही. आपण तो डिलीट करतो आणि मनात म्हणतो, याला फसतं तरी कोण? पुष्कळ जण फसतात. 'टास्क' देऊन लुबाडण्याच्या या एकाच प्रकाराबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेकडे 2023 या अख्ख्या वर्षात सुमारे 5,000 तक्रारी आल्या होत्या. 2024 च्या पहिल्या सहाच महिन्यांत हा आकडा 20,000 च्या घरात गेला. नोकरीच्या नावावर झालेल्या सगळ्या फसवणुकी मिळून त्या सहा महिन्यांत 22 कोटी डॉलरहून जास्त रक्कम बुडाल्याची नोंद आहे. ही फक्त ज्यांनी तक्रार केली त्यांची. लाजेपायी गप्प बसलेले यात मोजलेलेच नाहीत.

असं काही छापून आलं की खाली ठरलेली वाक्यं येतात: लोभ नडला, फुकटचं हवं होतं. मला ते पटत नाही. या धंद्याची रचना नीट पाहिली तर दिसतं की त्यांना लोभी माणूस फारसा उपयोगाचा नाही. लोभी माणूस पहिले पैसे काढून पळून जाईल. त्यांना हवा असतो चांगला कामगार: वेळेवर हजर राहणारा, वरिष्ठांचं ऐकणारा, हातातलं काम अर्धवट न सोडणारा, आपल्यामुळे इतरांचं नुकसान होऊ नये म्हणून जीव टाकणारा. सगळा सापळा याच गुणांवर उभा आहे.

समजा, तुम्ही 1 लिहून पाठवलं.

एचआरवाल्या मॅडम तुम्हाला टेलिग्रामवर एका 'ट्रेनर'कडे सोपवतात. ट्रेनर नम्र असतो, 'मॅम' किंवा 'सर' म्हणतो, जेवलात का विचारतो. तो एका वेबसाइटवर तुमचं खातं उघडून देतो. काम असं: स्क्रीनवर एकेक हॉटेल किंवा एखादी वस्तू येते, तुम्ही 'सबमिट' दाबायचं. म्हणे त्यामुळे त्या हॉटेलचं रेटिंग वाढतं आणि तुम्हाला कमिशन मिळतं. अशा 40 टास्कचा एक संच. बटण दाबून रेटिंग कसं वाढतं, असं विचारलंत तर 'ऑप्टिमायझेशन' आणि 'अल्गोरिदम' हे दोन शब्द असलेलं एक वाक्य मिळतं. ते वाक्य मी तीनदा वाचलं. त्यात काहीच नाही.

पुढचे आकडे कुठल्याही चलनात धरा. पहिल्या दिवशी वॉलेटमध्ये कंपनीच 100 टाकते, 'ट्रेनिंग बोनस' म्हणून. चाळीस वेळा बटण दाबलं की ते 128 होतात. वरचे 28 तुमचे. तुम्ही ते काढायला जाता आणि ते खरंच तुमच्या खात्यात येतात. दुसऱ्या दिवशी स्वतःचे 100 टाकावे लागतात, कारण कंपनीचं भांडवल फक्त ट्रेनिंगपुरतं होतं. संध्याकाळी 140 काढता येतात. तेही येतात. दोन दिवसांत तुम्ही 68 नी फायद्यात आहात. घरात ज्यांना शंका होती त्यांना तुम्ही बँकेचा मेसेज दाखवलेला आहे. हे 68 म्हणजे त्यांचा जाहिरातीचा खर्च, आणि जाहिरात तुम्हीच घरी करून आलात.

तिसऱ्या दिवशी तुम्ही 150 टाकता. सव्विसाव्या टास्कपर्यंत सगळं सुरळीत चालतं, वॉलेट 172 वर येतं. सत्ताविसाव्याला स्क्रीनवर फटाके उडतात: 'अभिनंदन! कॉम्बो ऑर्डर!' या ऑर्डरची किंमत 390, कमिशन सहापट. वॉलेटमध्ये तर 172 च आहेत. मग शिल्लक उणे 218 दिसू लागते, लाल अक्षरांत. उणे भरून काढल्याशिवाय पुढचं टास्क उघडत नाही, आणि संच पूर्ण झाल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. तुम्ही 218 भरता. तेहतिसाव्याला पुन्हा कॉम्बो: उणे 760. अडतिसाव्याला उणे 2,900.

इथपर्यंत तुमच्या खिशातून 4,028 गेलेत. स्क्रीनवर मात्र तुमच्या नावावर 5,300 दिसतायत आणि फक्त दोन टास्क उरलेत. ते दोन तुम्ही करता. 'विड्रॉ' दाबता. उत्तर येतं: तुमचा क्रेडिट स्कोअर 100 वरून 80 वर आला आहे, कारण तुम्ही ठरलेल्या वेळेत काम पूर्ण केलं नाही. गेलेला प्रत्येक गुण परत मिळवायला 50 भरा. म्हणजे आणखी 1,000. ते भरले की कर. कर भरला की 'व्हीआयपी चॅनेल' फी. ही रांग तुमचे पैसे संपेपर्यंत चालते, मग उसने मिळेपर्यंत, मग सोनं मोडेपर्यंत.

यात समजून घ्यायची तांत्रिक गोष्ट एवढीच आहे की तो 5,300 चा आकडा म्हणजे पैसे नव्हेत. एका वेबसाइटच्या तक्त्यात कुणीतरी टंकलेली ती संख्या आहे. मागे ना हॉटेल, ना ऑर्डर, ना कमिशन. उणे किती दाखवायचं हे पलीकडचा माणूस तुमच्याकडे बघून ठरवतो. ट्रेनरने गप्पांच्या ओघात 'सध्या काय करता, घरी कोण कोण असतं, कर्ज वगैरे आहे का' हे विचारलं होतं ना, ते यासाठी. तुमचे खरे पैसे ज्या क्षणी गेले त्याच क्षणी वाटेला लागले. बऱ्याचदा ते यूएसडीटीसारख्या क्रिप्टो नाण्यात मागतात, कारण तो व्यवहार एकदा झाला की बँकेसारखा उलटवता येत नाही.

पण हुशार माणूस तिसऱ्या पायरीवर थांबत का नाही?

1966 साली जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात केलेला एक प्रयोग इथे आठवतो. त्यांनी लोकांच्या घरी जाऊन विचारलं, सुरक्षित वाहन चालवण्याबद्दलचा एक भला मोठा, ओबडधोबड फलक तुमच्या अंगणात लावू का? सुमारे 17 टक्के लोक हो म्हणाले. दुसऱ्या काही घरांत मात्र दोन आठवडे आधी एक माणूस येऊन गेला होता आणि त्याने त्याच विषयावरचा छोटासा स्टिकर लावण्याची विनंती केली होती. त्या घरांपैकी 76 टक्के लोकांनी अंगणात मोठा फलक लावायला होकार दिला. छोट्या गोष्टीला हो म्हटलेला माणूस मोठ्या गोष्टीला नाही म्हणताना स्वतःशीच विसंगत वागल्यासारखा होतो. '1 लिहून पाठवा' हा तो स्टिकर आहे. म्हणून ते एकदम फॉर्म भरायला सांगत नाहीत.

दुसरी कळ म्हणजे ग्रुप. तुम्हाला पाच-सहा जणांच्या ग्रुपमध्ये घेतात. त्यात कुणी बँकेचे स्क्रीनशॉट टाकतो, कुणी सरांचे आभार मानतो. एक नवखी सदस्य तुम्हाला खासगीत लिहिते, "मीपण घाबरले होते हो, पण काल सगळे मिळाले." ही बाई आणि ट्रेनर शेजारी शेजारी बसलेले असू शकतात, किंवा एकच माणूस दोन फोनवर टाइप करत असेल. मग येतो 'ग्रुप टास्क': चौघांनी मिळून करायचं, एकाने जरी सोडलं तरी चौघांचे पैसे अडकणार. तुम्ही थांबायचं म्हटलंत की ती नवखी बाई रडायला लागते, माझ्या मुलाच्या फीचे पैसे आहेत त्यात. लोभ इथे कधीच मागे पडलेला असतो. माणूस पुढचे पैसे भरतो ते दुसऱ्याला बुडवायला नको म्हणून.

टास्कचा प्रकार नवा असला तरी पोटातली कल्पना जुनी आहे. इंटरनेटच्या कितीतरी आधी वर्तमानपत्रांत जाहिराती यायच्या: घरी बसून पाकिटं भरा आणि कमवा. फी पाठवली की टपालाने एक पत्र यायचं. त्यात लिहिलेलं असायचं की अशीच जाहिरात तुम्हीही द्या आणि जे फी पाठवतील त्यांना हेच पत्र पाठवा. पाकिटं भरायला मिळायची, खोटं नव्हतं ते.

रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग किट, 'रिफंडेबल' डिपॉझिट हे सगळे त्याच पत्राचे वंशज. ते ओळखायला सोपे, त्यावर फार बोलत नाही. एकच खुलासा. 'कामासाठी कधीच पैसे द्यायचे नसतात' हा नियम ऐकायला छान असला तरी फ्रीलान्सिंगच्या जगात तो तंतोतंत लागू पडत नाही. तिथल्या खऱ्या प्लॅटफॉर्मही पैसे घेतात, पण शक्यतो तुमच्या कमाईतून टक्केवारी कापून. स्वतःचं आधी अडकलेलं सोडवण्यासाठी आणखी भरा, असं खरं काम कधीच सांगत नाही. भरलेले पैसे सोडवायला भरणं, हे वाक्य समोर आलं की तिथेच हात थांबला पाहिजे, मागे कितीही अडकले असोत.

डेटा एंट्रीच्या प्रकारात पैसे आधी मागतच नाहीत. करार पाठवतात, तुम्ही ऑनलाइन सही करता, ढीगभर पानं टाइप करायला मिळतात आणि अचूकतेची अट इतकी कडक की ती कुणाकडूनच पाळली जाऊ नये. मुदत संपली की वकिलाच्या नावाने नोटीस येते: करारभंग झाला, नुकसानभरपाई भरा, नाहीतर आज संध्याकाळपर्यंत अटक. दिवाणी वादात कुणी संध्याकाळपर्यंत अटक करायला येत नसतं. पण आयुष्यात कधी कोर्टाची पायरी न चढलेला माणूस घाबरतो आणि भरून टाकतो. इथेही फसतो तो सहीला किंमत देणाराच.

यापेक्षा घातक दोन प्रकार आहेत, कारण त्यांत माणूस पैसे गमावतो आणि वर आरोपी होतो.

पहिला म्हणजे खातं वापरायला देणं. कामाचं नाव 'पेमेंट प्रोसेसिंग असिस्टंट' किंवा 'फायनान्स एजंट'. तुमच्या खात्यात रक्कम येईल, तुमचा वाटा ठेवून उरलेली पुढे पाठवायची. पोलिसांच्या आणि बँकेच्या भाषेत याला म्यूल अकाउंट म्हणतात, म्हणजे ओझं वाहणारं खेचर. ते येणारे पैसे दुसऱ्या कुणाच्या तरी अडतिसाव्या टास्कचे असतात. तो तक्रार करतो तेव्हा पैशांच्या वाटेवरचं पहिलं खरं नाव तुमचं निघतं. तुमचं खातं गोठतं, चौकशी तुमची होते. 'मला माहीत नव्हतं' हे खरं असलं तरी ते सिद्ध करण्यात महिने जातात.

दुसरा प्रकार पार्सलचा. घरी पार्सलं येतील, त्यांवरची लेबलं बदलून पुढे पाठवायची, महिनाअखेर पगार. पार्सलात फोन, लॅपटॉप, महागडे बूट. चोरलेल्या कार्डांवर घेतलेला माल असतो तो, आणि त्यावर पत्ता तुमचा. पहिल्या पगाराची तारीख जवळ आली की मॅनेजरचा फोन बंद.

चेकचा किस्सा थोडा समजावून सांगायला हवा, कारण त्यात बँकेची एक रीत आड येते. काही देशांत, अमेरिकेत तर कायद्यानेच, चेक भरल्यावर काही दिवसांत ती रक्कम खात्यात वापरायला मिळते. चेक खोटा आहे हे मात्र कित्येकदा काही आठवड्यांनी उघड होतं. या फटीत ते काम करतात. नवी 'कंपनी' घरच्या ऑफिससाठी सामान घ्यायला मोठ्या रकमेचा चेक पाठवते. खात्यात पैसे दिसतात. मग ईमेल येतो: त्यातले एवढे आमच्या ठरलेल्या पुरवठादाराला आजच पाठवा. तुम्ही तत्परतेने पाठवता; नव्या नोकरीत पहिलंच काम कोण रेंगाळत ठेवेल? पुढे चेक परत येतो आणि बँक पूर्ण रक्कम तुमच्याकडून वसूल करते. 'खात्यात दिसले' आणि 'वठले' यांतलं अंतर बँकेत जाऊन तोंडी विचारून घ्यावं.

आणि हे फक्त गरजूंचं दुखणं आहे असं समजू नका. 2022 च्या मार्चमध्ये ॲक्सी इन्फिनिटी या गेमच्या रोनिन नेटवर्कवरून 60 कोटी डॉलरहून अधिक क्रिप्टो चोरीला गेलं. अमेरिकेच्या एफबीआयने त्याचं खापर उत्तर कोरियाच्या लाझरस या हॅकर टोळीवर फोडलं. पुढे आलेल्या बातम्यांनुसार सुरुवात झाली होती ती एका वरिष्ठ इंजिनिअरला दाखवलेल्या बनावट नोकरीने. मुलाखतींच्या फेऱ्या झाल्या, घसघशीत पगाराचं ऑफर लेटर पीडीएफमध्ये आलं, त्याने ते उघडलं. म्हणून मुलाखतीच्या नावाखाली कुणी फाइल चालवायला, ॲप टाकायला किंवा स्क्रीन दुसऱ्याच्या हाती द्यायला सांगितलं तर ते आपल्या रोजच्या कॉम्प्युटरवर करू नये.

मग तपासायचं कसं? कंपनी खरी आहे का, हे शोधून थांबू नका. कंपनी बहुतेक वेळा खरीच असते. तिचं नाव, लोगो, नोंदणी क्रमांक, एचआरमधल्या खऱ्या बाईंचा फोटो सगळं उचललेलं असतं. तपासायचं ते हे, की समोर बोलणारा माणूस त्या कंपनीचा आहे का. त्याने दिलेली लिंक आणि नंबर बाजूला ठेवा. कंपनीची वेबसाइट स्वतः शोधा, तिच्या करिअर्सच्या पानावर ही जागा आहे का बघा, तिथल्या नंबरवर फोन करून विचारा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या मते बाकी सगळ्या खुणांपेक्षा याला वजन जास्त.

वेबसाइटचा पत्ता वाचायची एक युक्ती आहे: तो उजवीकडून वाचायचा. समजा कंपनी 'अबक' आहे. 'जॉब्ज.अबक.कॉम' हा पत्ता तिचाच, कारण 'कॉम'च्या लगेच डावीकडे 'अबक' आहे. 'अबक-जॉब्ज.कॉम' हे मात्र पूर्ण वेगळं नाव, कुणीही थोड्या पैशांत विकत घ्यावं असं. 'अबक.जॉब्ज-पोर्टल.कॉम' तर आणखी फसवं: डोळा सुरुवातीच्या 'अबक'वर थांबतो, पण मालक 'जॉब्ज-पोर्टल' आहे. पुढे तिरकी रेघ असेल तर तिच्या उजवीकडे काहीही लिहिलेलं असू शकतं, त्यावर जाऊ नये. ईमेलमध्ये ॲट चिन्हानंतरचा भाग असाच वाचायचा. काही देशांत शेवटी 'को.यूके'सारखं जोडशेपूट असतं, तेव्हा एक घर आणखी डावीकडे सरकायचं.

आणखी एक खूण मला फार बोलकी वाटते: त्यांना तुमच्याबद्दल काही जाणून घ्यायचंच नसतं. खरी कंपनी पगार देणार असते, म्हणून ती खोदून विचारते. आधी काय केलंय, हे काम करून दाखवा, आधीच्या साहेबांचा नंबर द्या. महिना महिना लावते, वैताग आणते. बनावट मुलाखत चॅटवर वीस मिनिटांत उरकते आणि निकाल 'सिलेक्टेड'. मग लगेच ओळखपत्राच्या दोन्ही बाजू, बँक पासबुकाचा फोटो, हातात कार्ड धरून सेल्फी. त्या सेल्फीवर तुमच्या नावाने खातं उघडता येतं, कर्जही काढता येतं. हे कागद खऱ्या नोकरीतही लागतात, पण ऑफर हातात आल्यावर, आणि कंपनीच्या स्वतःच्या यंत्रणेत भरायला.

पैसे गेलेच असतील तर पहिला फोन बँकेला, तोही लगेच. पैसे पुढच्या खात्यात काही काळ थांबतात, तेवढ्यात गोठवले गेले तर परत मिळण्याची आशा असते. रात्र उलटली की ती झपाट्याने कमी होते. क्रिप्टोत गेले असतील तर ज्या एक्स्चेंजवरून पाठवले त्यांना वॉलेटचा पत्ता आणि व्यवहाराचा क्रमांक कळवा. मग आपल्याकडच्या सायबर पोलिसांत तक्रार. कागदपत्रं दिली असतील तर बँकेला तसं सांगून ठेवा आणि आपल्या नावावर नवं कर्ज उघडलंय का ते अधूनमधून बघत राहा. घरच्यांपैकी एकाला तरी त्याच दिवशी सांगा. ते अवघड असतं, पण एकदा सांगितलं की उसने काढून आणखी भरण्याचा रस्ता आपोआप बंद होतो.

काही आठवड्यांनी एक नवा मेसेज येईल. या वेळी कुणी 'सायबर वकील' किंवा 'रिकव्हरी एजंट' असेल. त्याला तुमचं नाव, गेलेली रक्कम, तारीख सगळं ठाऊक असेल आणि थोडी फी भरलीत तर पैसे परत आणून देतो म्हणेल. त्याला हे ठाऊक आहे कारण तुमची माहिती त्याच लोकांकडून आलीय, विकून किंवा एका टेबलावरून दुसऱ्यावर.

त्यांच्याशी चॅटवर भांडत बसू नका. बोलत राहणाऱ्या माणसाकडून आणखी काही निघू शकतं, हा त्यांचा अनुभव आहे. शिवाय शिव्या नक्की कुणाला लागतायत हेही कळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटलंय की म्यानमारमध्ये किमान 1,20,000 आणि कंबोडियात सुमारे 1,00,000 लोकांना डांबून त्यांच्याकडून अशा ऑनलाइन फसवणुकी करवून घेतल्या जात असाव्यात. पासपोर्ट काढून घेतलेले, मार खाल्लेले. त्यांतल्या अनेकांना तिथवर नेलं होतं ते नोकरीच्या जाहिरातीने. जेवलात का विचारणारा ट्रेनर त्यांच्यापैकी असेल किंवा नसेल, आपल्याला इथून कळायला मार्ग नाही. चॅट पहिल्या '1' पासून शेवटपर्यंत वर सरकवत स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि लिंका टिपून ठेवा, आणि मगच ब्लॉक करा. समोरच्याने संभाषण डिलीट केलं तर तुमच्याकडे दाखवायला काही उरणार नाही.